लेकराची शाळा कोण निवडतं?

मुकुंदवाडीहून आम्ही बोलतोय.

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्या बचत गटांच्या बैठकीत एक विषय निघतोच. हप्ता झाला, कर्जाचं झालं, की कुणीतरी विचारतं, "पंचवीस टक्क्यांचा फॉर्म भरला का गं? नंबर लागला का?" पंचवीस टक्के म्हणजे आरटीईच्या राखीव जागा. खासगी शाळेत गरिबाच्या आणि वंचित समाजाच्या लेकराला फुकट मिळणारा प्रवेश. लॉटरी निघते, मोबाइलवर मेसेज येतो आणि आपण म्हणतो, नशीब निघालं. नाही आला तर म्हणतो, नशिबात नव्हतं.

पण तो फॉर्म नशिबानं आलेला नाही. आपल्या लेकरानं कुठल्या शाळेत शिकावं हे आईबापानं ठरवायचं, की गावानं, की सरकारनं, या प्रश्नावर आपल्या मुलखात पावणेदोनशे वर्षं भांडण चाललंय. आज त्या भांडणाचा इतिहास सांगायचा आहे. जोडीला सातासमुद्रापलीकडच्या एका कापूस वेचणाऱ्या आईची गोष्टही सांगणार आहोत. तिचं आणि आपलं दुखणं एकच आहे.

सुरुवात पुण्यापासून करू. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला पाठ आहे. त्यानंतर चार-पाच वर्षांत त्यांनी महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा चालवल्या. त्या शाळेतली एक मुलगी म्हणजे मुक्ता साळवे. १८५५ साली, चौदा वर्षांची असताना, तिनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आपल्या बायांची बाळंतपणं डोक्यावर छप्पर नसताना कशी होतात, हेसुद्धा त्या पोरीनं लिहून ठेवलंय. तीन वर्षांचं शिक्षण एखाद्या मुलीच्या तोंडी किती बळ देतं, ते त्यात दिसतं. आईबापांनी तिला शाळेत धाडलं म्हणून ते झालं.

आता पुढच्याच वर्षीची दुसरी गोष्ट. जून १८५६. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलासाठी अर्ज झाला. शाळा सरकारी, पैसा रयतेचा, तरी अर्ज नाकारला गेला. मुंबई सरकारचं म्हणणं असं, की एका मुलासाठी बाकीची सगळी मुलं शाळा सोडून जातील आणि शाळाच निकामी होईल. प्रकरण कलकत्त्याला आणि तिथून लंडनपर्यंत गेलं. त्या मुलाचं पुढे काय झालं हे सांगणारं कुणी नाही, पण त्याच्या अर्जानं सरकारला उत्तर द्यायला लावलं. १८५८ साली मुंबई सरकारनं जाहीर केलं, की ज्या शाळा निव्वळ सरकारी खर्चानं चालतात त्या सर्व जातींच्या मुलांना खुल्या राहतील.

या जाहीरनाम्यात एक मेख होती, ती नीट ऐका. ज्या शाळांना गावच्या बड्या लोकांची वर्गणी होती, तिथं त्यांची हरकत असेल तर खालच्या मानलेल्या जातीची मुलं घुसवायचा सरकारचा विचार नव्हता. अशा शाळेची सरकारी मदत थांबवायचा हक्क तेवढा सरकारनं हाताशी ठेवला. म्हणजे सरकारी शाळेला एक कायदा आणि ज्यात दुसऱ्याचा पैसा आहे त्या शाळेला दुसरा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण ती २०२४ साली पुन्हा आपल्या दारात येणार आहे.

बरं, जिथं दार उघडलं तिथं तरी काय झालं? १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव दाखल झाले. नाव पटावर, पण बसायची जागा कोपऱ्यात. बसायला घरून आणलेलं गोणपाट. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावायचा नाही, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपाई तोटी सोडेल तेव्हाच पाणी. शिपाई नसला तर तहानलेलं राहायचं. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. हुकूम निघून बेचाळीस वर्षं झाली होती, तरी लेकरू कोपऱ्यातच होतं.

मग आपल्या माणसांनी वेगळ्या शाळा मागाव्यात की त्याच शाळेत जागा मागावी? या प्रश्नावर मोठमोठ्यांनाही काळ पाहून निर्णय घ्यावा लागला. १८८२ साली हंटर आयोगासमोर जोतीरावांनी निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मुख्य मागणी. पण महार-मांगांच्या मुलांना इतरांच्या शेजारी बसूच देत नाहीत, म्हणून त्यांची वस्ती मोठी असेल तिथं वेगळ्या शाळा काढा, असंही त्यांनी सांगितलं. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. जोतीरावांच्या काळात शाळाच मिळत नव्हती, म्हणून त्यांनी वेगळी का होईना, शाळा मागितली. महाराजांच्या हाती राज्य होतं, म्हणून त्यांनी वेगळेपण मोडलं. दोघांचं ध्येय एकच होतं.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. आपण निजामाच्या राज्यात होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालो तेव्हा इथं पदवीपर्यंत शिकायची सोय नव्हती. ज्याच्या घरात पैसा तो हैदराबाद गाठायचा. बाकीच्यांनी काय निवडायचं? निवडायला समोर काहीतरी असावं लागतं. बाबासाहेबांनी हे बरोबर ओळखलं. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच आपलं मिलिंद. परिसराचं नाव नागसेनवन. मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांच्या प्रश्नोत्तरावरून ही नावं आली. प्रश्न विचारायचा हक्क त्या नावातच आहे.

मिलिंदमध्ये दोन गोष्टी होत्या. एक, दार सगळ्या जातींना उघडं. दोन, वसतिगृह. खेड्यातल्या पोराला फुकट फी असून भागत नाही, राहायला जागा आणि पोटाला भाकर लागते. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या मुलांना मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली होती, तिचा आधार मिळाला. आमच्या मुकुंदवाडीतून नागसेनवन शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. जालना, बीड, परभणीकडून कामासाठी शहरात आलेल्या कितीतरी घरांत आजही कुणाचा ना कुणाचा चुलता, मामा तिथं शिकलेला निघतो. एका घरात एक शिकला आणि मागच्या भावंडांना वाट दिसली.

इथून थोडं लांब जाऊ, अमेरिकेत. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं. तिथल्या कृष्णवर्णीयांचं आणि आपलं नातं त्यांनी तेव्हाच जोडलं. गुलामी गेली, पण तिथल्या कित्येक राज्यांत गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या राहिल्या. १७ मे १९५४ रोजी तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की रंगावरून सरकारी शाळा वेगळ्या ठेवणं घटनेत बसत नाही. त्या खटल्याला ज्यांचं नाव आहे ते ऑलिव्हर ब्राऊन हे एक बाप होते. घराजवळच्या शाळेत आपल्या मुलीला घ्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

कोर्टाचा निकाल आला, पण पळवाटा शोधणारे तिथंही होते. व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्यानं १९५९ साली काय करावं? काळ्या मुलांना घ्यावं लागू नये म्हणून सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं. गोऱ्या आईबापांना खासगी शाळेची फी भरायला मदत दिली आणि म्हटलं, शाळा निवडायचं तुम्हाला स्वातंत्र्य आहे. सतराशेच्या आसपास काळी मुलं शाळेविना राहिली. पाच वर्षं. १९६४ साली सुप्रीम कोर्टानं दणका दिला तेव्हा कुलपं निघाली. सहा वर्षांचं लेकरू अकरा वर्षांचं झालं होतं, मैत्रिणींनो. पालकांची निवड हा शब्द कानाला गोड लागतो, पण कुणाच्या हातात आहे यावर त्याची चव ठरते.

आता त्या आईची गोष्ट. तिचं नाव मे बर्था कार्टर. मिसिसिपी राज्यात ड्रू नावाचं छोटं गाव, चहूकडे कापूस. नवरा मॅथ्यू आणि ती मळेवाल्याच्या रानात वाट्यानं कापूस करायचे. तेरा लेकरं. काळ्यांची शाळा कापूस वेचणीला बंद ठेवायचे, म्हणजे मुलं रानात कामाला मिळतात. पुस्तकं गोऱ्यांच्या शाळेतली वापरून टाकलेली. ऊसतोडीला आईबापामागं जाणारी आणि सरकीच्या दिवसांत पटावरून गायब होणारी लेकरं आपण पाहतो, म्हणून हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

१९६५ साली सरकारी मदत बंद पडेल या भीतीनं त्या शाळाखात्यानं एक फॉर्म काढला. नाव, 'निवडीचं स्वातंत्र्य'. कुठल्याही आईबापानं कुठलीही शाळा निवडावी. खात्याची खात्री होती, की काळं माणूस भीतीनं गोऱ्यांची शाळा निवडणारच नाही. कार्टर नवराबायकोनं मुलांना विचारलं आणि सात मुलांचे फॉर्म भरून दिले. मळ्याचा मुकादम घरी आला आणि नावं परत घ्या म्हणाला. त्यांनी घेतली नाहीत. काही रात्रींनी घरावर गोळ्या झाडल्या गेल्या. घरची माणसं जमिनीवर झोपू लागली. दुकानदारानं उधारी बंद केली, मळ्यावरचं घर सुटलं. शाळेत मुलांच्या शेजारी कुणी बसेना. कित्येक वर्षं त्या गोऱ्या शाळांत काळी मुलं म्हणजे फक्त या एका घरची. अखेर त्या आईनं कोर्टात दावा लावला आणि १९६९ साली कोर्टानं तो फॉर्मच रद्द ठरवला. कारण साधं होतं. शाळा सर्वांना खुली करायची जबाबदारी सरकारची, ती एकेका गरीब घराच्या डोक्यावर टाकता येत नाही. पुढे कार्टरांच्या घरातल्या सात मुलांनी मिसिसिपी विद्यापीठाची पदवी घेतली.

त्याच देशात १९९० साली मिलवॉकी शहरात वेगळा प्रयोग झाला. पॉली विल्यम्स या कृष्णवर्णीय आमदारबाईंच्या पुढाकारानं कायदा झाला, की गरीब घरातल्या मुलांना सरकारी पैशावर खासगी शाळेत जाता येईल. पहिल्या वर्षी साडेतीनशेच्या आतच मुलं गेली, पुढे संख्या खूप वाढली. यानं सरकारी शाळा दुबळ्या होतील म्हणून कृष्णवर्णीयांच्याच मोठ्या संघटनेनं विरोध केला, तर अनेक काळ्या आयांनी आमच्या लेकरांनी किती पिढ्या थांबायचं म्हणून पाठिंबा दिला. पुढे जास्त उत्पन्नवाल्यांनाही ही सवलत देण्याची भाषा निघाली, तेव्हा खुद्द पॉलीबाईच विरोधात उभ्या राहिल्या. गरिबाच्या नावानं उघडलेल्या दारातून भलतेच आत शिरतात, हे त्यांनी पाहिलं.

आता आपल्या फॉर्मकडे परत येऊ. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या बाराव्या कलमानं विनाअनुदानित खासगी शाळांना सांगितलं, की पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा आसपासच्या वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना द्या आणि आठवीपर्यंत फुकट शिकवा. त्याची भरपाई सरकार शाळेला देईल. खासगी शाळा कोर्टात गेल्या, पण १२ एप्रिल २०१२ रोजी सुप्रीम कोर्टानं कायदा उचलून धरला. फक्त अल्पसंख्याकांच्या शाळांना त्यातून सूट मिळाली. धारवाडच्या त्या मुलाला जे मिळालं नाही, म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेतही हक्काची जागा, ते इथं पहिल्यांदा देशभर कायद्यानं दिलं.

मग ९ फेब्रुवारी २०२४ उजाडला. महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला. खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला पंचवीस टक्के जागा द्यायची गरज नाही. जवळ सरकारी शाळा आहेत, मग खासगी शाळांना भरपाई कशाला द्यायची, असा त्यामागचा हिशेब. पण शहरात कुठल्या शाळेपासून एक किलोमीटरवर सरकारी किंवा अनुदानित शाळा नसते? मुकुंदवाडीसारख्या दाट वस्तीत तर त्या नियमाचा अर्थ सरळ होता, दार बंद. पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ रोजी त्या नियमाला स्थगिती मिळाली आणि १९ जुलैला न्यायालयानं तो रद्दच केला. संसदेनं दिलेला हक्क राज्याच्या नियमानं काढून घेता येत नाही. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानंही तो निकाल कायम ठेवला. १८५८ ची मेख १६६ वर्षांनी पुन्हा मारली होती, ती आईबापांनी उपटली.

मैत्रिणींनो, या सगळ्या इतिहासातून आम्हाला एक गोष्ट पक्की कळली. निवड कागदावर देता येते, पण ती वापरायचं बळ एकट्या घरात नसतं. कार्टरांच्या घरानं ती एकट्यानं वापरली आणि गोळ्या झेलल्या. आपल्याकडे आता गोळ्या नाहीत, पण रहिवासाचा पुरावा नाही म्हणून, जातीचा दाखला वेळेत निघाला नाही म्हणून, ऑनलाइन अर्जात नकाशावर घराची खूण चुकली म्हणून जागा जाते. फी माफ असली तरी गणवेश, वह्यापुस्तकं आणि व्हॅनचं भाडं आईच्या पदरातून जातं. वर्गात 'फुकटवाला' म्हणून लेकराला कुणी हिणवलं, तर ते नव्या काळातलं गोणपाटच आहे. हे सगळं एकटीनं सोसायचं नसतं. त्याला गट लागतो.

म्हणून गटात काय करता येईल, ते थोडक्यात. दाखल्यांची तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू करा. जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा, जातीचा दाखला आणि ज्यांना लागतो त्यांनी उत्पन्नाचा दाखला. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना या जागांसाठी उत्पन्नाची अट नाही, हे आपल्या कित्येक बायांना ठाऊक नसतं, ते सांगा. फॉर्म भरताना गटातली मोबाइल चालवणारी एक पोरगी सगळ्यांसोबत बसवा. शाळेनं निवड झालेल्या लेकराकडून फी मागितली तर एकटीनं जाऊ नका, चौघी जा आणि तक्रार लेखी द्या.

आणि दुसरी गोष्ट, ती पहिलीइतकीच महत्त्वाची. शंभर घरांतून दहा लेकरं खासगी शाळेत गेली, तरी नव्वद आपल्या जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या शाळेतच आहेत. चांगल्या घरांनी पाठ फिरवली की पट घसरतो, पट घसरला की शाळेला कुलपाची भीती लागते. मग ज्या आईकडे व्हॅनचे पैसे नाहीत, तिनं काय निवडायचं? याच शिक्षण हक्क कायद्यानं आपल्याला दुसरं हत्यार दिलंय, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया असायला हव्यात. शाळेच्या विकासाचा आराखडा आणि सरकारी अनुदानाचा खर्च यावर या समितीची नजर असते. आपल्या गावच्या समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, सही आपली आणि निर्णय दुसऱ्याचा असं होतंय का, हे या महिन्याच्या बैठकीत विचारा.

मुक्ता साळवेच्या आईबापांकडे एकच शाळा होती आणि त्यांनी ती निवडली. धारवाडच्या मुलाला शाळा समोर असून घेतलं नाही. आपल्या हातात आज दोन्ही गोष्टी आहेत, शाळा निवडायचा हक्क आणि शाळा सुधारायचा हक्क. एक वापरून दुसरा सोडून देऊ नका. पुढच्या आठवड्यात दाखले कुठं आणि कसे काढायचे, याची सविस्तर माहिती घेऊन येतो. तोवर नमस्कार, जय सावित्री, जय भीम.